"मॅडम, डेफिनिशनवर जातच नाही": एडिटर लावताना या चुका टाळा

दर जुलैत रबाळ्याच्या आमच्या ऑफिसात नवी मुलं येतात. पहिल्या आठवड्यात एडिटरची थीम ठरते, फॉन्ट ठरतो, यूट्यूबवरच्या कुणाची तरी आठशे ओळींची कॉन्फिग जशीच्या तशी उतरवली जाते. दुसऱ्या आठवड्यात त्यातलं कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं. "मॅडम, डेफिनिशनवर जातच नाही." म्हणजे फंक्शनच्या नावावरून ते जिथे लिहिलंय तिथे एडिटर उडी मारत नाही.

जात नाही ना, मग नशीब समज, असं मी सांगते. न जाणारा एडिटर निदान कळतो. भलत्याच ठिकाणी नेऊन उभा करणारा कळत नाही, आणि माझे जे दिवस फुकट गेले ते सगळे या दुसऱ्या प्रकारात गेलेत.

मी विम वापरते, टर्मिनलमध्ये चालणारा कोड एडिटर. काम बरंचसं सी आणि थोडं पायथन, त्यामुळे उदाहरणं तिथलीच. व्हीएस कोडवाल्यांनी नाक मुरडू नये. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, म्हणजे कोड समजून घेणाऱ्या प्रोग्रॅमशी (सर्व्हरशी) एडिटरने बोलायची ठरलेली पद्धत. तेव्हापासून तुमच्या आणि आमच्या एडिटरच्या पोटात बऱ्याचदा तेच सर्व्हर चालतात. चुकाही त्याच.

एका नावाची दोन फंक्शन्स

ही माझी लाडकी चूक, कारण मी ती स्वतः केली आहे. रात्रभर जागून केली आहे.

सीटॅग्ज हा प्रोग्रॅम सगळा कोड चाळून 'टॅग्ज' नावाची एक साधी फाइल बनवतो. तिच्यात नाव, ते कुठल्या फाइलीत आहे आणि तिथे काय शोधायचं, एवढंच असतं. विममध्ये नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-] दाबलं की विम या यादीत बघून उडी मारतं. कुठली फाइल बिल्डमध्ये आहे (म्हणजे तिच्यापासून खरंच प्रोग्रॅम बनतो) आणि कुठली मेलेली, हे यादीला ठाऊक नसतं. एकाच नावाच्या चार नोंदी असल्या तर विम आपल्या नियमाने त्यातली एक उचलतं आणि स्क्रीनच्या तळाशी 'टॅग १ ऑफ ४' असं काहीतरी दाखवतं. ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

पॅकिंग मशीनच्या कंट्रोल बोर्डाचं काम होतं. सेन्सरचं रीडिंग मध्येच शून्य यायचं आणि सकाळी कस्टमर येणार होता. मी सेन्सर वाचणाऱ्या फंक्शनवर उडी मारली, आत एक प्रिंट टाकली, बिल्ड केलं, बोर्डावर चढवलं. प्रिंट येईना. सीरियल केबल बदलली. बॉड रेट तपासला. बोर्ड बदलला. फ्लॅश करायचं टूल काढून पुन्हा टाकलं. भरीस भर म्हणून दर वेळी हट्टाने क्लीन बिल्ड करत होते. साधं मेक (बदललेल्या फाइलीच पुन्हा बिल्ड करणारी कमांड) चालवलं असतं तर 'करण्यासारखं काही नाही' असं त्यानेच सांगितलं असतं. रात्री घरी फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. बाहेर पाऊसच असा होता की तशीही ठाण्याला पोचले नसते.

सकाळी आठला टेस्टिंगचे काका वडापाव घेऊन आले. काकांना सी येत नाही, पण मशीनं बघण्यात त्यांची उमर गेली आहे. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अगं, वर हे 'ओल्ड' काय लिहिलंय?"

फोल्डरचं नाव होतं ते. कुणीतरी कधीतरी ड्रायव्हरचं अख्खं फोल्डर कॉपी करून मागे 'ओल्ड' जोडून ठेवलं होतं. मेकफाइलमध्ये, म्हणजे काय काय बिल्ड करायचं त्या यादीत, त्याचा पत्ता नव्हता. रात्रभर मी मेलेल्या फाइलीला सलाइन लावून बसले होते.

तेव्हापासून कंट्रोल-] या बटणांवर मी 'जी कंट्रोल-]' बसवून टाकलं आहे. नाव एकाच ठिकाणी असेल तर सरळ उडी, अनेक ठिकाणी असेल तर आधी यादी दिसते आणि मी आकडा टाइप करून निवडते. पोरांना तेवढा एक सेकंद जड वाटतो. वाटू दे. टॅग्ज बनवतानाच 'एक्सक्लूड' पर्याय देऊन ओल्ड, बॅकअप, नोड मॉड्यूल्स असली फोल्डरं मी बाहेर ठेवते.

आणि बटाटा. अनोळखी फाइलीत काही बदलण्याआधी त्या फंक्शनच्या आत मी 'बटाटा' असा शब्द टाइप करते आणि बिल्ड करते. कंपायलर ओरडला तर फाइल जिवंत. ओरडला नाही तर गाशा गुंडाळून दुसरीकडे बघायचं. फंक्शनच्या आतच टाका, कारण फाइल बिल्डमध्ये आहे पण ते फंक्शन एखाद्या इफडेफखाली (अट जुळली तरच कोड घेणाऱ्या ओळीखाली) बंद पडलंय, हेही मी बघितलं आहे. ऑफिसात हसतात याला. पण आता तीन जण गुपचूप करतात.

मोठा 'के' दाबला आणि समोर आलेलं पान वाचलं

विममध्ये शब्दावर कर्सर ठेवून मोठा के दाबला की त्या शब्दाचं मॅन्युअलचं पान उघडतं. फार सोयीचं आहे. पण युनिक्सचं मॅन्युअल विभागांत वाटलेलं आहे: १ मध्ये टर्मिनलवर चालवायच्या कमांड, २ मध्ये कर्नलचे सिस्टिम कॉल, ३ मध्ये लायब्ररीची फंक्शन्स. विभाग सांगितला नाही तर साधारणपणे १ आधी. त्यामुळे 'प्रिंटएफ'वर के दाबलंत तर सीचं फंक्शन नाही, शेलची कमांड येते. 'राइट'वर दाबलंत तर दुसऱ्या युजरच्या टर्मिनलवर निरोप पाठवायची कमांड येऊ शकते.

यातली प्रिंटएफची गंमत लगेच कळते. स्लीपची कळत नाही. आमच्या एका मुलाला लूपमध्ये अर्धा सेकंद थांबायचं होतं. त्याने 'स्लीप'वर के दाबला, पान वाचलं. (वाचलं हो, एवढं तरी केलं.) पानावर लिहिलं होतं की आकडा पूर्णांकच हवा असं नाही. त्याने स्लीपला ०.५ दिलं. कंपायलर गप्प, कारण नेहमीच्या सेटिंगला जीसीसी हा आमचा सीचा कंपायलर यावर काही बोलत नाही. पण सीमधलं स्लीप पूर्णांक घेतं; ०.५ चा झाला शून्य. लूप एक क्षणही न थांबता पळत सुटला, एक कोर शंभर टक्क्यांवर, पंखा घोंघावतोय, आणि हा दोन दिवस नेटवर्कच्या कोडात चूक शोधतोय. त्याने वाचलं ते पान खरंच होतं. फक्त ते विभाग १ चं, शेलच्या स्लीपचं होतं.

उपाय: के आधी आकडा. ३ दाबून के, म्हणजे विभाग ३. सिस्टिम कॉल असेल तर २ दाबून के. पान उघडल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात नावापुढे कंसात विभाग लिहिलेला असतो, तो मी अजूनही दर वेळी बघते. अर्ध्या सेकंदासाठी नॅनोस्लीप वापरा.

३ के दाबून 'पान नाही' असं आलं तर घाबरू नका. उबुंटूवर २ आणि ३ विभागांची पानं 'मॅनपेजेस-डेव्ह' या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. डॉकरच्या इमेजमध्ये (कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात प्रोग्रॅम चालवायचा साचा) तर जागा वाचवायला मॅन पानं बहुधा काढूनच टाकलेली असतात. कंटेनरच्या आत बसून मॅन शोधू नका, बाहेर या.

सर्व्हर लावला, पण त्याला बिल्ड सांगितलंच नाही

"टॅग्ज जुनं झालं मॅडम, आम्ही क्लँगडी लावतो." क्लँगडी म्हणजे सीचा लँग्वेज सर्व्हर. लावा की, मीही लावते. टॅग्ज नावं जुळवतं, क्लँगडी कोड समजून घेतं. पण प्रत्येक फाइल कुठले फ्लॅग देऊन कंपाइल होते, हेडर कुठे आहेत, हे त्याला कुणी सांगायचं? त्यासाठी 'कंपाइल कमांड्स' नावाची जेसन फाइल लागते. ती नसली की क्लँगडी अंदाजपंचे चालतं: अर्धी फाइल लाल, आणि डेफिनिशन मागितली तरी हेडरमधल्या डिक्लरेशनवर, म्हणजे फंक्शनच्या नुसत्या घोषणेवर, नेऊन सोडतं. मग मुलं काय करतात? लाल रेघा दिसू नयेत म्हणून इशारेच बंद करतात. डोकं दुखतंय म्हणून आरसा झाकण्यातला प्रकार.

बिल्डसाठी सीमेक हे टूल असेल तर 'एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स' चालू करा, फाइल बिल्ड फोल्डरात तयार होते. साधी मेकफाइल असेल तर बेअर नावाचं टूल आहे. मेकच्या पुढे बेअर लावून चालवायचं. पण त्याआधी मेक क्लीन करा. बेअर जे प्रत्यक्ष कंपाइल होताना दिसतं तेवढंच टिपून ठेवतं. आधीच सगळं बिल्ड झालेलं असेल तर रिकामी यादी मिळते, आणि मग पुन्हा माझं टेबल.

बाकीच्या, भराभर

मॅकवर सीटॅग्जने आर (उपफोल्डरांसकट सगळं चाळ) या पर्यायावर तक्रार केली तर तो ॲपलसोबत आलेला जुना बीएसडीचा सीटॅग्ज आहे. युनिव्हर्सल सीटॅग्ज टाका. एक्झ्युबरंट नावाचाही टाकू नका, त्याची शेवटची ५.८ आवृत्ती २००९ची.

टॅग्ज फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र ठेवणाऱ्या टूलमध्ये, चढवू नका. दोघांचे बदल एकत्र करताना, दर मर्जला भांडण होतं.

ब्रँच (कोडची वेगळी फांदी) बदलली की टॅग्ज शिळे होतात. मी गिटच्या पोस्ट-चेकआउट हुकमध्ये (ब्रँच बदलली की आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) सीटॅग्ज टाकून ठेवलंय आणि विसरून गेले आहे.

उपफोल्डरमधून विम उघडलं की टॅग्ज सापडत नाहीत? टॅग्जच्या सेटिंगमध्ये डॉट-स्लॅश-टॅग्ज लिहून पुढे अर्धविराम द्या. त्या एका अर्धविरामामुळे विम एकेक पायरी वरच्या फोल्डरांत शोधत जातं.

पायथनमध्ये लायब्ररीवर उडी मारली आणि भलतीच आवृत्ती उघडली, तर सर्व्हर तुमच्या व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटचा (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला) नाही, सिस्टिमचा पायथन बघतोय.

उडी मारलेल्या ठिकाणाहून परत यायला कंट्रोल-टी. दहा-दहा टॅब उघडून स्टेशनावर हरवलेल्या मुलासारखं बसू नका.

विमच्या प्लगिनची मदत उघडत नसेल तर 'हेल्पटॅग्ज ऑल' एकदा चालवा. गूगल नंतर.

नेट आहे असं धरून चालणं

तळोज्याच्या एका प्लँटवर आम्हाला महिन्यातून एकदा तरी जावं लागतं. गेटवर फोन ठेवून घेतात आणि आत नेट नाही. मागच्या खेपेला सोबतचा मुलगा गाडीत म्हणाला, "मॅडम, डॉक्युमेंटेशन काय, ऑनलाइन असतंच की." आत गेल्यावर पायथनच्या एका मॉड्यूलचं पान त्याला लागलं. पायथनसोबतच येणाऱ्या पायडॉकने ते लॅपटॉपवरच मिळालं असतं, पण ते त्याला माहीत नव्हतं. मी माझ्या लॅपटॉपवर झील उघडून दिलं, नेटशिवाय डॉक्युमेंटेशन वाचायचा प्रोग्रॅम. त्यात सी, पायथन, सीमेक असे डॉकसेट (डॉक्युमेंटेशनचे गठ्ठे) आधीच उतरवून ठेवता येतात.

आता निघायच्या आदल्या रात्री मी घरचं वायफाय बंद करते आणि जो कोड उघडायचा आहे त्यात पाच-सहा ठिकाणी के दाबून बघते, झीलमध्येही शोधून बघते. परवा रिॲक्टचा डॉकसेट अर्धाच उतरलेला निघाला. रात्री अकराला कळलं, ते घरात.