'बंद करून चालू करा' म्हणण्याआधी

कुडाळच्या एका पतसंस्थेच्या शाखेत फोन लावून मी म्हणालो, "ताई, तो पांढरा डबा एकदा बंद करून चालू करा ना." रात्रीचे साडेआठ, मार्चअखेर म्हणून शाखा उघडी, आणि मी कोल्हापुरात घरी. दहाच मिनिटांपूर्वी त्या डब्याच्या, म्हणजे राउटरच्या, फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या नियमांच्या यादीत) 'ड्रॉप'चा, म्हणजे अडवण्याचा, नियम चुकून सगळ्यात वर बसवून मी स्वतःलाच बाहेर काढलं होतं. ताईंनी डबा बंद केला, चालू केला. काही फरक नाही. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, डीएनएस, राउटरच देत होता, त्यामुळे शाखेचं कामही ठप्प. पहाटे फोंडा घाट उतरलो, विनबॉक्स या राउटर सांभाळायच्या प्रोग्रॅममधून आयपीऐवजी मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या हार्डवेअर-पत्त्यावर) जोडलो आणि तो नियम उडवला. काम दोन मिनिटांचं.

नियम चुकला तो चुकलाच, पण खरी गंमत वेगळी होती. माझा हात बसलेला सिस्को कंपनीच्या राउटरवर. तिथल्या आयओएस या सिस्टीममध्ये केलेला बदल रॅममधल्या रनिंग-कॉन्फिगमध्ये, म्हणजे चालू सेटिंग्जमध्ये, जातो. तो स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये, म्हणजे सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग्जमध्ये, उतरवला नाही, तर रीस्टार्टनंतर जुनंच परत येतं. कुडाळचा डबा मायक्रोटिक कंपनीचा. त्याचं राउटरओएस (आतली सिस्टीम) लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, चालतं आणि एंटर दाबला की बदल कायमचा लिहून मोकळं होतं. ताईंनी डबा शंभरदा बंद केला असता तरी तो नियम हलला नसता.

म्हणून आता लांबून काहीही बदलायचं तर आधी आत कोणती सिस्टीम आहे ते बघतो. सिस्को आणि जुनिपर या कंपन्यांच्या राउटरवर 'शो व्हर्जन' ही एकच आज्ञा पुरते. मायक्रोटिकवर 'सिस्टीम रिसोर्स प्रिंट'. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर टाकायच्या मुक्त सिस्टीममध्ये तर आत शिरतानाच नाव आणि आवृत्ती समोर येते. मग सध्याची मांडणी, म्हणजे सगळ्या सेटिंग्ज, उतरवून स्वतःच्या लॅपटॉपवर घ्यायची. मायक्रोटिकवर 'एक्स्पोर्ट' दिलं की साधी, वाचता येणारी फाइल मिळते. ती डब्यातच ठेवून उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नको.

यानंतर परतीची वाट, आणि ती प्रत्येकाची निराळी.

मायक्रोटिकवर टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबा. प्रॉम्प्टवर 'सेफ' दिसायला लागतं. आता बदल करताना तुमचं कनेक्शन तुटलं, तर ते सगळे बदल राउटर स्वतःच मागे घेतो. लगेच नाही, तुटलेलं सत्र त्याच्या लक्षात यायला नऊएक मिनिटं जातात. तेवढा वेळ घाम फुटतो, पण घाट उतरावा लागत नाही. सगळं नीट चाललं तर पुन्हा कंट्रोल-एक्स. हे विसरून नुसती खिडकी बंद केलीत, तर चांगले बदलही जातील. मी एकदा घालवलेत.

सिस्कोवर बदलाआधी चालू मांडणी सेव्ह करा, मग 'रीलोड इन १०' द्या. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी राउटर स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या मांडणीवर येतो. आत राहिलात तर 'रीलोड कॅन्सल' आणि मगच सेव्ह. कॅन्सल विसरलात तर भर दुपारी शाखा बंद पडेल आणि शिव्या तुम्हाला. आणि बदल तपासून होईपर्यंत सेव्ह अजिबात नको, नाहीतर दोर कापल्यासारखंच.

माझ्या मते या बाबतीत जुनिपरचं जुनॉस सगळ्यांत शहाणं. मूळ घराणं फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमचं. तुम्ही काहीही टाइप करा, ते उमेदवार, म्हणजे कच्च्या, मांडणीत साठतं; 'कमिट' म्हटल्याशिवाय लागू होत नाही. 'कमिट कन्फर्म्ड ५' म्हणा, पाच मिनिटांत दुसरं 'कमिट' आलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत. आकडा दिला नाही तर मुदत दहा मिनिटांची. पण लहान पतसंस्थेच्या बजेटमध्ये हा डबा कुठून यायचा!

पीएफसेन्स ही फायरवॉलची सिस्टीमही फ्रीबीएसडीवरच. तिथे लॅनकडून (आतल्या नेटवर्ककडून) तुम्ही बाहेर अडकू नये म्हणून एक नियम आधीच घातलेला असतो. तो 'नीटनेटकं' करायच्या नादात काढू नका. तरी अडकलात तर मॉनिटर-कीबोर्ड लावा आणि पडद्यावर दिसणाऱ्या कन्सोलच्या यादीतला पर्याय १५ घ्या, अलीकडची मांडणी परत बसवता येते.

घरी जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं असेल तर काळजी कमी. मूळ सिस्टीम केवळ-वाचनीय भागात असते आणि तुमचे बदल तिच्यावर अंथरलेल्या वेगळ्या थरात. फारच बिघडलं तर फेलसेफ या अडचणीच्या वेळच्या मोडमध्ये शिरून 'फर्स्टबूट' ही आज्ञा द्या, तो थर पुसला जातो. मात्र नव्या कोऱ्या मांडणीत वायफाय सहसा बंद असतं, तेव्हा लॅन केबल जवळ ठेवा.

कुडाळच्या डब्यावर मी आता पांढरी पट्टी चिकटवली आहे. सिस्टीमचं नाव, आवृत्ती, बॅकअपची तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'ताई, बंद करू नका, आधी मला फोन करा.'