टॉर्चचे १८६५० सेल घेताय? आधी वजन करा

रात्रीच्या ट्रेकसाठी टॉर्चचे १८६५० वाले रिचार्जेबल सेल घेणार असाल तर वर छापलेल्या ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) वगैरे आकड्याला अजिबात भुलू नका. या साइजमध्ये (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, नाव त्यावरूनच पडलंय) चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपास थांबतो, मग स्वस्तातल्या सेलमध्ये ९९०० येणार कुठून? मी घेतले होते असले, राजमाचीच्या वाटेवर अर्ध्या तासात टॉर्च मंदावली आणि सोबत लहान मुलं होती, खरंच घाबरायला झालं. घरी येऊन किचनच्या वजनकाट्यावर ठेवला तर ३० ग्रॅमही भरेना, खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो.

जास्त उजेडाची टॉर्च असेल तर एमएएचइतकंच अँपिअर रेटिंग (सेल एका वेळी किती करंट देऊ शकतो ते) पण बघा, सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचाच आहे पण १५ अँपिअर सतत देतो. प्रोटेक्शन सर्किटवाला (शॉर्ट वगैरे झालं तर करंट तोडणारी छोटी सर्किट असलेला) सेल थोडा लांब असतो, कधीकधी टॉर्चमध्ये बसतच नाही, तेव्हा आधी माप घ्या.

आणि प्लीज, सुटा सेल खिशात किल्ल्यांसोबत टाकू नका, शॉर्ट होऊन आग लागू शकते, प्लास्टिकची डबी फार स्वस्त मिळते. वरचं कव्हर फाटलेला सेल तर वापरूच नका, घरच्या कचऱ्यातही नको, ई-कचऱ्यात द्या.