पोरांकडं ब्रिटनला जायलात? मग बीव्हर बघूनच या

लातूर, परभणी, नांदेडकडचे लई आईवडील आजकाल पोरांकडं ब्रिटनला जायलेत. तिकडं मुक्काम मोठा असेल तर एक वीकेंड स्कॉटलंडच्या नॅपडेल जंगलासाठी काढाच. तिथं बीव्हर राहतो, म्हणजे पाण्याकाठचा, झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा, उंदराच्या जातीचा मोठा प्राणी. कातडी आन मांसासाठी मारून मारून तिथले बीव्हर साधारण 400 वर्षांपूर्वी संपले होते, मग 2009 मध्ये नॉर्वेहून आणून इथं सोडले, आता त्यांची पिल्लंपण होतात आणि 2019 पासून कायद्याचं संरक्षण आहे.

ग्लासगोवरून लॉखगिलपहेडपर्यंत बस आहे पण पुढं जंगलात गाडी असलेली बरी. बार्नलुअस्गनला गाडी लावायची आणि तळ्याकाठची वाट धरायची.

बीव्हर संध्याकाळीच निघतो, म्हणून दुपार झोपून घालवू नका, खुणा दुपारीच शोधायच्या. काठावरचे बुंधे बघा, शिसपेन्सिलीला टोक काढल्यासारखे कुरतडलेले असतात. खाली पडलेला ढलपा उचलून बघा, दातांच्या खाचा बोटाला लागतात. पांढरा, ओलसर असेल तर काम ताजं, काळपट पडला असेल तर जुनं. ताजं जिथं सापडलं तिथंच संध्याकाळी बसायचं.

बीव्हरचा बांध दिसला की मात्र आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाचा पाय निघत नाही बघा. फांद्या, चिखल, दगड रचून ओढा अडवलेला, कारण त्याच्या घराचं दार पाण्याखाली असतं आणि ते उघडं पडू नये म्हणून त्याला खोल पाणी लागतं. त्यात गाळ थांबतो, पाणी हळूहळू खाली सुटतं, बेडूक-चतुरांची सोय होते. नालाबांधाच्या कामावर राबलेल्या माणसानं तर हे बघायलाच पाहिजे, फक्त त्यावर चढू नका.

जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवण आधीच उरकून घ्या. सूर्य मावळायच्या तासभर आधी बसायचं, दुर्बीण हातात, मोबाईल सायलेंट, फ्लॅश बंद. त्याची नजर कमजोर पण नाक लई तिखट, त्यामुळं वारा आपल्याकडून पाण्याकडं जात असेल तर जागा बदला. तासभर न बोलता बसायची सवय नसेल तर आधी हिवाळ्यात पहाटे जायकवाडीला पाणपक्षी बघत बसून बघा, माझ्या मते यापेक्षा चांगली तयारी नाही. पाण्यावर नुसतं डोकं आणि मागं लाटेची रेघ दिसली की तोच. फाट्कन आवाज आला तर त्यानं शेपटी आपटून घरच्यांना सावध केलंय, मग जवळ जायला बघू नका, गुपचूप मागं सरका.

आणि फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच, उन्हाळ्यात तिथं मिजेस नावाच्या बारीक माश्या संध्याकाळी फोडून खातात.