कोर्टाच्या आणि वैद्यकीय डिक्टेशनसाठी लघुलिपीची तयारी

ऐंशीच्या गतीचा उतारा बिनचूक घेणारा हात कोर्टातल्या पहिल्याच डिक्टेशनला अडखळतो, तेव्हा दोष बहुधा गतीचा नसतो. कानावर पडलेला शब्द अनोळखी असतो. त्याची आउटलाइन, म्हणजे लघुलिपीतली आकृती, ऐनवेळी जुळवण्यात दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात पुढचे तीन शब्द निसटतात. म्हणून साध्या उताऱ्यावर मिनिटाला 80 शब्द पक्के झाल्यावरच कोर्टाच्या आणि वैद्यकीय शब्दांकडे वळा, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी समजून घ्या. निम्नश्रेणी लघुलेखकाला 100 आणि उच्चश्रेणीला 120 ची गती लागते. तिथवर जाताना शब्दसंग्रह सोबत वाढत गेला पाहिजे.

सुरुवात सारख्या दिसणाऱ्या जोड्यांपासून करा. जामीनपात्र आणि अजामीनपात्र, दखलपात्र आणि अदखलपात्र, मान्य आणि अमान्य. घाईत आपण स्वर गाळतो, व्यंजनांची रेघ तेवढी उरते, आणि 'अ' गेला की आदेशाचा अर्थच उलटतो. या शब्दांत सुरुवातीचं स्वरचिन्ह कितीही गती असली तरी द्यायचंच. पिटमन या इंग्रजी लघुलिपी पद्धतीत यासाठी नियमच आहे: लीगलचं इल्लीगल किंवा मटेरियलचं इम्मटेरियल करताना पहिलं व्यंजन दोनदा लिहायचं. प्रॉसिक्यूशन (खटला चालवणारा पक्ष) आणि पर्सिक्यूशन (छळ) यांच्या आउटलाइन मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्या आहेत तशाच पाठ करा. छेद देऊन लिहायचे संक्षेप, म्हणजे शब्दाऐवजी एकच स्ट्रोक (रेघ) शेजारच्या आउटलाइनला छेदून लिहायची पद्धत, वापरत असाल तर 'पी'चा स्ट्रोक एकाच शब्दाला द्या. पिटिशनर (अर्जदार), प्लेंटिफ (वादी) आणि प्रॉसिक्यूशन तिघांनाही तोच दिला, तर संध्याकाळी टाइप करताना कोण कोणाविरुद्ध बोलतोय ते कळणार नाही.

मराठवाड्यात काम करायचं तर जमिनीच्या दाव्यांची भाषा आलीच पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात कुळाच्या प्रकरणात कलम 32-ग कानावर येतं. इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950 लागतो आणि शब्द येतो 38-ई चं, म्हणजे कुळाच्या मालकीचं, प्रमाणपत्र. त्याच्या जोडीला खासरा पाहणी पत्रक आणि सेतवार (जमिनीच्या जुन्या नोंदी), इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन), फेरफार, गट नंबर. निजामकालीन कागदांमुळे हे शब्द आजही साक्षीत येतात. यांच्या आउटलाइन कुठल्या सरावपुस्तकात मिळतील म्हणून थांबू नका. स्वतः ठरवा, वहीच्या शेवटच्या पानांवर लिहा आणि नंतर बदलू नका. एका शब्दाच्या दोन आउटलाइन हातात बसल्या की दरवेळी निवड करावी लागते, आणि तिथेच गती मोडते.

कलमांचे आकडे अंकातच लिहा आणि कायद्याची आद्याक्षरं लगेच जोडा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनं भादंवि (भारतीय दंड विधान) लागतं. म्हणजे एकाच दिवशी खुनासाठी भादंविचं 302 ही येईल आणि न्याय संहितेचं 103 ही. सगळ्यात घातक आकडा 482. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा, म्हणजे गुन्हा रद्द करून मागण्याचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच अटकपूर्व जामिनाचा. नुसतं '482' लिहिलेलं पान निरुपयोगी आहे.

वैद्यकीय शब्द सुटे पाठ करू नका. तुकड्यांनी शिका: हायपर, हायपो, डिस, शेवटी आयटिस, एक्टॉमी, ऑटॉमी, ऑस्टॉमी. असे तीसेक तुकडे हातात बसले की नवा शब्द आपोआप जुळतो. हायपरटेन्शन (वाढलेला रक्तदाब) आणि हायपोटेन्शन (कमी रक्तदाब) यांत फरक फक्त 'पीआर'च्या छोट्या हुकचा, म्हणजे रेघेच्या टोकाच्या आकड्याचा, आहे. गतीत तो सपाट होतो, तेव्हा हायपोमध्ये 'ओ'चा स्वर द्यायची सवय लावा. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेसिया म्हणजे बोलण्यात अडचण: इथे शेवटचा भाग पूर्ण लिहा. औषधाची मात्रा नेहमी अंकात, आणि मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम हे साध्या अक्षरांत; फरक हजारपटीचा आहे. फिफ्टीन की फिफ्टी अशी शंका आली तर समासात खूण करा आणि डिक्टेशन संपल्यावर विचारा.

घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या रुग्णालयातले डॉक्टर साक्षीला येतात तेव्हा वाक्य मराठी आणि शब्द इंग्रजी असतात: लॅसरेटेड वूंड, इन्साइज्ड वूंड, लिगेचर मार्क, व्हिसेरा, ऑर्गेनोफॉस्फरस. भाषांतर करत बसू नका. उच्चाराप्रमाणे इंग्रजी आउटलाइन घाला आणि खाली रेघ ओढा, म्हणजे वाचताना ती मराठी शब्द समजली जाणार नाही. लॅसरेटेड आणि इन्साइज्ड यांवर बोथट हत्यार की धारदार, हा प्रश्न अवलंबून असतो.

रोज दहा नवे शब्द पुरेत. प्रत्येकाच्या तीन ओळी, मोठ्याने उच्चारत. मग ते सगळे येतील असा दोनशे शब्दांचा उतारा तयार करा, दर वीस शब्दांवर तिरकी रेघ मारा आणि घड्याळ लावून मोबाइलवर रेकॉर्ड करा: 80 च्या गतीला वीस शब्द 15 सेकंदांत, 100 ला 12, 120 ला 10. पहिल्यांदा आपल्या गतीपेक्षा दहाने कमी, मग बरोबरीने, मग दहाने जास्त. पेन्सिल एचबी, टोक केलेल्या तीन. जाड-बारीक स्ट्रोकचा फरक गेला की 'पी'चा 'बी' होतो.

नोट्स त्याच दिवशी टाइप करा, पण आठवड्यातून एक उतारा मुद्दाम चार दिवस ठेवून मग वाचा. स्मरणशक्तीने झाकलेल्या चुका तेव्हाच दिसतात. कामावर असताना प्रत्येक पानावर तारीख आणि प्रकरण क्रमांक घाला. मजकूर टाइप झाला की पानावर उभी रेघ मारा, मात्र निकालपत्रावर सही होईपर्यंत ते फाडू नका.