थर दिसेनासे झाले? फवारणीचा पंप घ्या

कोल्हापुरात उन्हाळ्यात जुन्या देवळाजवळ पुरातत्त्वाच्या उत्खननात खोदलेल्या चराची कड (उभी बाजू, जिथे मातीचे थर दिसतात) दुपारपर्यंत सुकते आणि काळी माती, मुरूम, राख सगळं एकाच करड्या रंगाचं दिसायला लागतं. सकाळी दिसलेली रेघ चार वाजता शोधत बसायचं! माझा अर्धा दिवस असाच गेला होता, म्हणून हे लिहून ठेवतो.

१. थापीने कड वरून खाली पातळ तासा.
२. पिकावर औषध मारायचा हातपंप (नवा घ्या, औषधाचा नको) घेऊन बारीक तुषार मारा. ओघळ येता कामा नये.
३. पाण्याची चमक गेली की लगेच थरांच्या सीमेवर खिळे टोचा. माती परत सुकली तरी खिळे राहतात.
४. दोघांना चादर धरायला लावून सावलीत फोटो काढा, पट्टीसकट.
५. पाणसळ लावून आडवी दोरी बांधा आणि तिथून वरखाली मापं घेऊन आलेखाच्या कागदावर उतरवा. १:२० ला १ मीटर म्हणजे ५ सेंमी.

चरात जुनी भिंत लागली, तर तिच्यापाशी मात्र घाई नको. थर दगडाला येऊन नीट टेकला असेल तर भिंत आधीची. मध्येच कापला जाऊन पायाच्या चराची भुसभुशीत भर दिसली, तर भिंत नंतरची. ही जागा दोनदा ओली करून बघा, कारण बोटभर रुंदीच्या त्या पट्ट्यावर सगळा कालक्रम ठरतो.

काळ ठरवायला लागणारा कोळशाचा नमुना पाणी मारायच्या आधीच काढून घ्या. चुन्याच्या गिलाव्यावर पंप चालवू नका.