कॉलेज बघायला जाताय? आधी समोरच्या झेरॉक्सवाल्या काकूंना विचारा

बारावीचा निकाल लागला की आमच्या चिपळुणात माझ्या दुकानापुढे चपलांचा ढीग पडतो. कॉलेजच्या रस्त्यालाच झेरॉक्सचं दुकान आहे माझं. अकरा वर्षं झाली, पोरांच्या मार्कशीट, फीच्या पावत्या, नोट्स, एस.टी. पासचे फॉर्म, सगळं माझ्या काचेवरून जातं. पालक विचारतात, "काकू, हे कॉलेज बरं आहे का?" मी उलट विचारते, "कुठल्या कोर्सला?"

कारण एकाच इमारतीत, एकाच शिपायाच्या घंटेवर दोन कॉलेजं चालतात. बी.ए., बी.कॉम. बहुधा अनुदानित असतं. प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. बी.एस्सी. आय.टी., अकाउंटिंग अँड फायनान्स हे बहुतेक विनाअनुदानित. तिथला सगळा खर्च पोरांच्या फीतून निघतो. माझ्या थोरलीच्या वेळी मीच फसले. बोर्डावरचा बी.कॉम.चा आकडा बघून पैसे बांधून गेले आणि खिडकीशी कळलं, तिला हवा तो कोर्स विनाअनुदानित. फी चौपट. वर ग्रंथालय, जिमखाना, संगणक, विकास निधी अशा ओळी. क्लार्क म्हणाला, "मॅडम, विचारायचं ना आधी." तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, ऑफिसात "फी किती" असं नुसतं विचारू नका. त्याच कोर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला गाठा आणि मागच्या वर्षभराच्या सगळ्या पावत्या बघायला मागा. दोन्ही सेमिस्टरची परीक्षा फी, जर्नल, सहलीचे पैसे धरून बेरीज करा. खरी फी ती.

बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. करायचं असेल तर आणखी एक गोष्ट. 2024 पासून या कोर्सना सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, आली, तेव्हा काही कॉलेजांनी कोर्सची नावंच बदलून टाकली. तुमचा कोर्स सीईटीतला की बाहेरचा, हे आधी विचारा, कारण मुलींच्या फीमाफीचं गणित त्यावर आहे. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी, आणि व्यावसायिक कोर्सला सरकारी प्रवेश फेरीतून अ‍ॅडमिशन, असं असेल तर शिक्षण शुल्क माफ होतं. थेट मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंत तर नाही.

स्कॉलरशिपबद्दल विचारायची पद्धतही वेगळी. "महाडीबीटीचा (सरकारच्या स्कॉलरशिप वेबसाइटचा) फॉर्म भरता येतो का?" असं विचारलंत तर सगळीकडे होच म्हणतील. फॉर्म भरणं सोपं आहे, मीच रोज भरून देते. तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो, आणि तिथून कुणीतरी पुढे पाठवावा लागतो. म्हणून पोरांना विचारायचं, "मागच्या वर्षीची जमा झाली का?" एका वर्गातल्या तिघांनी "अजून पेंडिंग दाखवतंय" म्हटलं तर समजा, ऑफिस झोपलेलं आहे.

शिकवतात कसं, हे मला नोट्सवरून कळतं. एका विषयाच्या नोट्स माझ्याकडे दरवर्षी येतात. पान नऊवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. पाच वर्षं मी तो डाग झेरॉक्स करतेय. अभ्यासक्रम मधे बदलला, डाग तोच. याउलट एक बाई आहेत, तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे जितके तास तितके पैसे) येतात, पगार कधी होतो देव जाणे. त्यांची प्रश्नावली दर आठवड्याला नवी. तेव्हा सीएचबी म्हटल्यावर नाक मुरडू नका. पण विभागात कायमचं कुणीच नाही आणि सत्राच्या मधेच सर बदलतात, असं पोरं सांगत असतील तर विचार करा.

नॅकचा, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेचा, दाखला ऑफिसात फ्रेम करून लावलेला असतो. अक्षराबरोबर तारीखही वाचा, साधारण पाच वर्षांची मुदत असते. ए मिळालेला असला तरी कधी मिळाला ते महत्त्वाचं. मला त्याहून खात्रीचं वाटतं ते डोकी मोजणं. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) सेंड-ऑफचा ग्रुप फोटो कुणाच्याही मोबाइलमध्ये असतो. त्यात किती जण आहेत, आणि एफवायला (पहिल्या वर्षाला) किती होते? साठातले पंचवीस उरले असतील तर बाकीचे कुठे गेले, ते विचारा. लग्न, नोकरी, एटीकेटी (राहिलेले विषय), बस... कारणं ऐकण्यासारखी असतात.

बसचं तर मी ठासून सांगते. गुहागरकडून, खेडकडून येणारी पोरं बघते ना रोज. मे महिन्यात गाडीने येऊन कॉलेज बघू नका, जुलैत मधल्या वारी एस.टी.ने या. परशुराम घाटात दरड आली की खेडकडची पोरं तासाला मुकतात. त्या दिवसाची हजेरी धरतात का, विचारा. विनाअनुदानित कोर्सचे तास पहाटे किंवा दुपारनंतर असतात, तर शेवटची गाडी सापडते का ते स्टँडवरच्या फलकावर बघा आणि कंडक्टरलाही विचारा, कारण फलकावरच्या गाड्या पावसात रद्द होतात. मासिक पासाला विद्यार्थ्याला एक तृतीयांश पैसे पडतात, पण फॉर्मवर कॉलेजचा शिक्का लागतो; तो शिक्का मिळायला किती दिवस लागतात, हेही विचारायचं.

ग्रंथालयात गेलात तर तुमच्या विषयाचं पुस्तक काढून मागच्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख बघा. दुसरं काही बघायची गरज नाही.

आणि हो, संगणक प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे? हसू नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी पुरात शहरात शिरली, तेव्हा माझी दोन्ही मशिनं चिखलात गेली. आता नवं मशिन मी माळ्यावर ठेवलंय, वर जायला लाकडी शिडी आहे.

येताना आधार, डोमिसाइल, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या तीन-तीन प्रती करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला मेमध्येच सेतूतून काढा. जूनमध्ये तिथली रांग रस्त्यावर येते. मूळ मार्कशीट कुठेही ठेवून येऊ नका, तपासून परत द्यायची असा यूजीसीचाच नियम आहे. झेरॉक्स माझ्याकडे करा नाहीतर शेजारी, पण सकाळी दहाच्या आत या. नंतर लाइट जाते.