लिंबू-चियाच्या आग्वा फ्रेस्कात गुठळ्या होत असतील तर (माझा अनुभव)

मेक्सिकोत मोठ्या काचेच्या बरण्यांतून विकतात ते लिंबू-चियाचं आग्वा फ्रेस्का (तिथलं गार सरबत; चिया म्हणजे सब्जासारखं बारीक बी) घरी केलं की चियाच्या गुठळ्या व्हायच्या; बाहेरून बुळबुळीत, आतून कोरड्या. तयार सरबतात बी घालून ढवळलं, रवीने घुसळलं, गाळूनही पाहिलं. फार वैताग आला होता.

सब्जा काही मिनिटांत फुगतो, चियाला वेळ लागतो, आणि फुगतानाच बिया एकमेकींना चिकटतात. म्हणून खरं काम पहिल्या दहा मिनिटांत आहे.

आधी वाटीभर साधं पाणी घ्या, गार नको. ते चमच्याने फिरवत राहून २ मोठे चमचे चिया भुरभुरवा, एकदम ओतू नका. मिनिटभर ढवळा. ५ मिनिटांनी पुन्हा, १० मिनिटांनी पुन्हा, तळ खरवडून. मग अर्धा तास झाकून ठेवा. तोवर दीड लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर पूर्ण विरघळवून ५-६ लिंबांचा रस घाला. साल किंवा बी गेली तर कडवटपणा येतो. फुगलेला चिया सगळ्यात शेवटी मिसळा. बर्फ पेल्यात घाला, भांड्यात नको, नाहीतर चव पाणचट होते. चिया तळाशी बसतो, त्यामुळे प्रत्येक पेला भरण्याआधी ढवळा.